'परत इली' म्हणजे काय?

मांडीतली गाठ काढली, व्रण भरला आणि वर्षभरात त्याच जागी पुन्हा काहीतरी कडक हाताला लागलं. रुग्ण वीस-पंचवीस वर्षांचा. सावंतवाडीकडे घरची माणसं एवढंच सांगतात, "गाठ परत इली," म्हणजे परत आली. सगळा गोंधळ या दोन शब्दांत आहे.

नव्याने उगवली, की पहिल्या वेळी मागे राहिलेली वाढली? 'चरबीची गाठ' समजून, एमआरआय न करता, जागा बधिर करून काढलेली असेल तर बहुधा मागे राहिलेलीच वाढते. काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये तपासणीला गेलाच नसेल, तर पहिली गाठ कसली होती हे कळायचा मार्ग तिथेच बंद होतो. तुतारी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबईत पोचलेल्यांना म्हणून आधी विचारतात, "ब्लॉक आणलात का?" ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. मांडीवरचा आडवा व्रणही बरंच सांगतो. सार्कोमाची, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींच्या कॅन्सरची शंका असेल तर हातापायावर छेद उभा घेतात, म्हणजे पुढे व्रणासकट सगळं काढता येतं.

गाठ पाच सेंटीमीटरहून मोठी, खोल किंवा वाढती असेल तर आधी एमआरआय, मग सुईने तुकडा, सुरी त्यानंतर. सार्कोमात पाय कापण्याची सर्रास पद्धत १९८२ च्या एका अमेरिकी चाचणीनंतर मागे पडली. रुग्ण अवघे ४३, पण गाठ काढून रेडिएशन दिलेले रुग्ण, पाय कापलेल्या रुग्णांइतकेच जगले.

डेस्मॉइड या तंतुमय ऊतीच्या गाठीचं मात्र वेगळं. हे नाव १८३८ चं, ग्रीक शब्दावरून, गाठ स्नायुबंधासारखी चिवट म्हणून. ती दुसऱ्या अवयवात पसरत नाही, पण आजूबाजूच्या स्नायूत शिरते आणि काढली तरी उलटते. मग तिला कॅन्सर म्हणायचं की नाही? कागदावर 'कॅन्सर नाही' लिहिलं की घरचे निर्धास्त होतात, आणि 'आक्रमक' हा शब्द दिसला की घाईने पुन्हा ऑपरेशन. बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूत आली तर सिझेरियनच्या टाक्यांवर खापर फुटतं.

पूर्वी ती दिसली की कापत, उलटली की पुन्हा, जास्त खोल. गाठ खांद्यात असेल तर दोन-तीन ऑपरेशनांनंतर गाठीपेक्षा खांदा आखडल्याचाच त्रास मोठा. २०१८ च्या सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के जणांची गाठ आकसली. पण नुसती साखरगोळी घेणाऱ्यांतही २० टक्के जणांची! २०२० च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत आधी थांबून लक्ष ठेवा असंच ठरलं. मला विचाराल तर हे शहाणपण उशिराच आलं. २०२३ मध्ये अमेरिकेत खास डेस्मॉइडसाठी पहिलं औषधही मंजूर झालं.

पण थांबायचं म्हणजे सुरुवातीला दर तीन-सहा महिन्यांनी एमआरआय. राजापुरातल्या आईला हे पटवणं अवघड जातं. तिचा सवाल सरळ असतो, "गाठ आहे म्हणता आणि काढत नाही म्हणता, मग मुंबईला बोलावता कशाला?"