टीव्हीवर खरखर आली की शेजारच्या हॅमवाल्यालाच दोष?

शेजारी कुणाच्या गच्चीवर हॅम रेडिओचा (हौस म्हणून परवाना घेऊन चालवतात त्या वायरलेस सेटचा) अँटेना दिसला की टीव्ही बिघडवणारा तोच, हा समज किती वर्षं चालत आलाय आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. त्रास देणारी वस्तू बरेचदा आपल्याच घरात असते, स्वस्तातला एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, नाहीतर सैल झालेला केबलचा कनेक्टर.

तपासायचं कसं, तर बॅटरीवर चालणारा एएम रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि घरातला मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर दोषी घरातच आहे, मग एकेक सर्किट चालू करत जा, कुठल्या वस्तूने आवाज परत येतो ते कळतंच. (मेनला हात लावायच्या आधी कॉम्प्युटर नीट बंद करा प्लीज.)

आता समजा शेजारी ट्रान्समिट करतो तेव्हाच चित्र अडकतं, तरी त्याचा रेडिओ सेट खराब आहे असं लगेच ठरत नाही. त्याचा सिग्नल 30 मेगाहर्ट्झच्या खालीच राहणारा, अगदी स्वच्छ असू शकतो, पण जवळ असल्याने इतका जोरदार येतो की आपला टीव्ही किंवा अँटेनाचा बूस्टरच ओव्हरलोड होतो. बूस्टर काढून बघा, त्याने फरक पडला नाही तर अँटेनाच्या वायरवर हाय पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवून वरच्या आत सोडणारा) लावा, टीव्हीची फ्रिक्वेन्सी वरची असल्यामुळे ती आरामात आत येते. सिग्नल केबलच्या बाहेरच्या आवरणावरून शिरत असेल तर मात्र फेराइट रिंगमधून (चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून) केबलचे काही वेढे घ्यावे लागतात, तिथे एकटा फिल्टर पुरत नाही.