हिरवं पाणी सगळं बदललं की जातं?

'माशांची टाकी हिरवी झाली? सगळं पाणी फेका, फिल्टर नळाखाली घासून धुवा.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पाणी दोन दिवस स्वच्छ दिसतं, म्हणून तो खरा वाटतो.

पण हा हिरवेपणा म्हणजे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. काचेला, वाळूला उरलेल्या थोड्या पेशींतून ते पुन्हा वाढतं. शिवाय क्लोरीनच्या पाण्यात फिल्टर धुतला की माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. मग अमोनिया साचतो, आणि मासे शेवाळानं नव्हे, त्यानं दगावतात.

खात्री घरीच होते. पारदर्शक ग्लासात टाकीतलं पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. हिरवी झाक असेल तर शेवाळ. दुधी असेल तर बहुधा जिवाणू, तिथे पुढचा उपाय लागू नाही.

उपाय अंधाराचा. आधी निम्मं पाणी बदला. दिवा बंद, झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तोही बंद, टाकीभोवती जाड चादर, ३ ते ४ दिवस. एअरपंप मात्र अखंड चालू, कारण मरणारं शेवाळ ऑक्सिजन खातं. या दिवसांत खाणं टाळा. मोठ्या माशांना काही होत नाही, पिल्लं असतील तर चिमूटभर द्या. बहुतेक झाडं एवढा अंधार सोसतात. चादर काढल्यावर पुन्हा निम्मं पाणी, क्लोरीन काढून. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

त्यानंतर दिवा रोज ६ तासच. कोल्हापुरात उन्हाळ्यात खिडकीशी ठेवलेली टाकी आधी हलवा. तिथलं ऊन तसंच राहिलं तर चादरीची मेहनत वाया.