बुकमार्कचा बॅकअप: नेटस्केपची फाइल अजून का टिकून आहे

क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी यांपैकी कुठल्याही ब्राउझरमधून बुकमार्क एक्सपोर्ट करा, हाती एक एचटीएमएल फाइल येते. ती नोटपॅडमध्ये उघडली की पहिल्याच ओळीत ‘नेटस्केप-बुकमार्क-फाइल-१’ असे दिसते. नेटस्केप हा १९९०च्या दशकातला ब्राउझर बंद पडून बरीच वर्षे झाली, तरी एका ब्राउझरचे बुकमार्क दुसऱ्यात नेताना आजही हीच फाइल चालते. बुकमार्क हरवतात कसे आणि परत मिळवताना घोळ का होतो, हे ब्राउझर ते कुठे आणि कसे साठवत आले त्यावरून उलगडते.

१९९३च्या मोझॅक ब्राउझरमध्ये ‘हॉटलिस्ट’ होती. युनिक्सवर ती साधी मजकूर फाइल असे. प्रत्येक नोंदीला दोन ओळी: वर पत्ता आणि तारीख, खाली पानाचे शीर्षक. फोल्डरची सोय नाही. नेटस्केप नॅव्हिगेटरची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९४ मध्ये आली. नेटस्केपने बुकमार्कची यादीच वेबपानाच्या रूपात ठेवली. ती थेट ब्राउझरमध्ये उघडता येई, फ्लॉपीवर घेता येई, दुसऱ्याला पाठवता येई. बॅकअप म्हणजे एक फाइल कॉपी करणे, एवढेच.

या फाइलची रचना मात्र ढिसाळ आहे. ‘डीटी’ हा टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली खूण, उघडतो पण बंद होत नाही. त्यामुळे काटेकोर एक्सएमएल (प्रत्येक टॅग बंद करावाच लागणारे स्वरूप) वाचणारी साधने तिच्यावर अडखळतात. नोंद कधी जोडली ते सांगणाऱ्या ‘ॲड_डेट’मध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात. साइटचे छोटे चिन्हही अक्षरांत रूपांतरित होऊन ‘आयकॉन’मध्ये बसते, म्हणून नोंदी थोड्या असूनही फाइल कधीकधी फुगलेली दिसते. १९९८ मध्ये एक्सबेल नावाचे नेटके एक्सएमएल स्वरूप तयार झाले, काही ब्राउझरांनी ते घेतलेही. पण सगळ्यांना वाचता येणारी फाइल नेटस्केपचीच राहिली.

इंटरनेट एक्सप्लोररने वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक ‘फेव्हरिट’ म्हणजे ‘यूआरएल’ एक्स्टेन्शनची स्वतंत्र छोटी फाइल आणि बुकमार्कचा फोल्डर म्हणजे विंडोजचाच फोल्डर. कॉपी करायला सोपे. पण शीर्षक हेच फाइलचे नाव असल्यामुळे तिरकी रेघ किंवा प्रश्नचिन्ह त्यात ठेवता येत नसे.

मोठा बदल जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने केला. बुकमार्क आणि हिस्टरी ‘प्लेसेस’ नावाच्या एस्क्यूलाइट डेटाबेसमध्ये एकत्र गेले. शोध आणि टॅग सोपे झाले, पण फाइल उघडून वाचण्याची सोय गेली, आणि डेटाबेस बिघडला तर सगळेच अडकते. म्हणून फायरफॉक्स प्रोफाइलमधल्या (वापरणाऱ्याची माहिती ठेवण्याच्या जागेतल्या) ‘बुकमार्कबॅकअप्स’ फोल्डरमध्ये तारखेनिशी जेसन प्रती, म्हणजे मजकुराच्या रूपातल्या डेटा फाइली, आपोआप ठेवतो. मूळ सेटिंग १५ प्रतींचे आहे. नवी आली की सर्वांत जुनी जाते. पुढे या प्रती कॉम्प्रेस करून ठेवल्या जाऊ लागल्या, त्यामुळे आता नोटपॅडमध्ये त्या नीट वाचता येत नाहीत. त्या बुकमार्क व्यवस्थापकातूनच उघडाव्यात: कंट्रोल-शिफ्ट-ओ, मग ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’, मग ‘रिस्टोअर’. इथे फार जपायला हवे. ‘रिस्टोअर’ आधीचे सगळे बुकमार्क काढून जुनी प्रत बसवतो. एचटीएमएलचा ‘इम्पोर्ट’ मात्र असलेल्यांत भर घालतो, म्हणून तो दोनदा केला की नोंदी दुहेरी होतात. रिस्टोअर करण्यापूर्वी आत्ताच्या स्थितीचाही बॅकअप घ्यावा.

त्याच वर्षी आलेल्या क्रोमने डेटाबेस टाळला. प्रोफाइल फोल्डरमध्ये ‘बुकमार्क्स’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली जेसन फाइल असते आणि शेजारी तिची ‘बीएके’ प्रत. ती प्रत एकच असते आणि पुढच्या वापरात तीही बदलते. त्यामुळे बुकमार्क गेल्याचे लक्षात येताच क्रोम पूर्ण बंद करावा आणि पुन्हा उघडण्यापूर्वी दोन्ही फाइली दुसरीकडे कॉपी कराव्यात. मग मूळ फाइलचे नाव बदलून ‘बीएके’ला ‘बुकमार्क्स’ नाव द्यावे. ब्राउझर पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याच्या घाईतच शेवटची प्रत जाते.

क्रोमच्या तारखा १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांत असतात. स्वतःची स्क्रिप्ट लिहून रूपांतर करणारे इथे हमखास फसतात: आकड्याला दहा लाखांनी भागून ११६४४४७३६०० वजा केले तरच १९७० पासूनचे सेकंद मिळतात. उदाहरणार्थ १३३५००००००००००००० म्हणजे १७ जानेवारी २०२४, जागतिक प्रमाण वेळेनुसार.

मग सिंक आले, म्हणजे सर्व्हरमार्फत सगळ्या उपकरणांवर तेच बुकमार्क आपोआप ठेवण्याची सोय. फॉक्समार्क्स या ॲड-ऑनने ते लोकप्रिय केले. पुढे त्याचे नाव एक्समार्क्स झाले आणि १ मे २०१८ रोजी ती सेवा बंद पडली. तोवर फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांतही सिंक अंगभूत झाले होते. तेव्हापासून अनेकांनी बॅकअप घेणेच सोडले, आणि हे आम्हाला सगळ्यांत धोक्याचे वाटते. सिंक सगळी उपकरणे सारखी ठेवते. फोनवर चुकून पुसलेला फोल्डर थोड्याच वेळात लॅपटॉपवरूनही जातो. सिंक चालू ठेवून जुनी फाइल बसवली तर सर्व्हरवरच्या प्रतीशी तिची पुन्हा सांगड घातली जाते. मग पुसलेले परत पुसले जाऊ शकते किंवा सगळे दुप्पट होऊ शकते. म्हणून आधी सिंक बंद करावे, फाइल बसवावी, यादी तपासावी, एचटीएमएल प्रत काढून ठेवावी आणि मगच सिंक सुरू करावे.

एखादा संगणक पुसापुशीच्या आधीपासून बंद असेल तर त्यात जुनी यादी अजून शाबूत असते. तो सुरू करताना वाय-फाय बंद ठेवावे, केबल काढावी, ब्राउझर उघडून लगेच एचटीएमएल एक्सपोर्ट घ्यावा आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर गेल्यावरच नेट जोडावे.