सांधा तुटलाय: पॅरलॅक्समुळे की चुकलेल्या कंट्रोल पॉइंटमुळे?

शेकड्यांनी फ्रेम जोडून केलेला पॅनोरमा शंभर टक्क्यांवर उघडून बघितला, की कुठे ना कुठे सांधा तुटलेला सापडतोच. भिंतीची कड मध्येच पायरी उतरते, विजेची तार तुटते आणि जरा वरून पुन्हा सुरू होते. बेळगावच्या खडे बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांवर तर दोन-तीन पिक्सेलची चूकही लपत नाही, वरचं कानडी अक्षर असो की खालचं मराठी. अशा वेळी फोटोवाल्या मंडळींत 'पॅरलॅक्स आलाय' आणि 'पॉइंट चुकलेत' ही दोन वाक्यं सर्रास एकाच अर्थाने फेकली जातात. दोन्ही दोष दिसायला सारखे आहेत खरे, पण एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की चांगला जुळलेला भागही बिघडतो.

पॅरलॅक्स म्हणजे दोन फ्रेमच्या दरम्यान कॅमेऱ्याचा डोळाच जागेवरून हलणं. बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटून बघा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. कॅमेरा ट्रायपॉडवर फिरवताना लेन्सचा डोळा फिरण्याच्या अक्षाच्या पुढे असेल, तर प्रत्येक फ्रेमला तो थोडा बाजूला जातो. डोळा म्हणजे कुठली जागा? लेन्समध्ये समोरून डोकावलं की ॲपर्चरचं छिद्र जिथे असल्याचं भासतं, ती. सेन्सरची जागा ती नव्हे, आणि ट्रायपॉडचा स्क्रू तर बहुधा नसतोच.

राजहंसगडाच्या तटावरून येळ्ळूरची शेतं आणि पलीकडचं बेळगाव टिपायचं आहे असं धरू. डोळा अक्षापासून ८ सेंटिमीटर पुढे आहे आणि दोन फ्रेममध्ये कॅमेरा २० अंश फिरवलात, तर डोळा सुमारे २.८ सेंटिमीटर सरकला. ५० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा असेल, तर ३ मीटरवरचा तटाचा दगड लांबच्या दृश्याच्या तुलनेत जवळजवळ ७७ पिक्सेल इकडचा तिकडे होतो. १०० मीटरवरचं झाड सव्वादोन पिक्सेल सरकतं. एक किलोमीटरवरचं घर पाव पिक्सेलसुद्धा नाही. म्हणजे एकाच सांध्यावर तट धडधडीत तुटलेला आणि शहर मात्र बिनचूक, असं चित्र मिळणार.

लांब पल्ल्याची लेन्स लावली की पॅरलॅक्सची काळजी मिटली, असं छातीठोक सांगणारेही भेटतात. त्यावर फार विसंबू नका. २०० मिमीवर डोळा अक्षाच्या १५ सेंटिमीटर पुढे असला आणि दर फ्रेमला ७ अंश फिरवलं, तर १०० मीटरवरची वस्तू सहा पिक्सेल सरकते. मोठ्या प्रिंटवर, माणूस जवळ जाऊन बघणार असेल तर, सहा पिक्सेल दिसतात.

आता दुसरा संशयित. दोन फ्रेममध्ये एकच ठिकाण ओळखून सॉफ्टवेअर त्यावर खुणेची जोडी ठेवतं; तो कंट्रोल पॉइंट. अशा हजारो जोड्यांवरून प्रत्येक फ्रेम किती फिरलेली, किती झुकलेली, हे हिशेबाने ठरतं. जोडी चुकीची पडली की पूर्ण फ्रेमच चुकीच्या जागी जाते आणि तिच्यातलं जवळचं-लांबचं सगळं एकदम सरकतं. येळ्ळूरच्या शिवारात भाताची लावण झाल्यावर हे हमखास होतं. ओळीमागून ओळ सारखीच, तेव्हा सॉफ्टवेअर या ओळीतलं रोप शेजारच्या ओळीतल्या रोपाला जोडतं आणि वर खात्रीने सांगतं की छान जुळलंय. अपार्टमेंटच्या एकसारख्या खिडक्या, पत्र्याच्या शेडच्या पन्हळी, हेही त्याच जातीचे. गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा पावसाळ्यात टिपाल तर फेसावर आणि तुषारांवर डझनांनी पॉइंट पडलेले दिसतील. त्यांतला एकही ठेवू नका. पाणी पुढच्या फ्रेमपर्यंत तसंच राहत नाही.

ढगांचं प्रकरण जास्त लबाड आहे. जुलैत आपल्याकडे ढग पळतात, आणि मोठ्या पॅनोरमाच्या फ्रेम काढायला वेळ लागतो. सगळे ढग मिळून एकाच दिशेला गेलेले असतात, म्हणून त्यांच्यावरचे पॉइंट आपसात चोख जुळतात. संख्येनेही ते जास्त असले की जमिनीवरच्या चार प्रामाणिक पॉइंटना दाबून टाकतात. सरासरी चूक कमी दिसते आणि क्षितिज तुटलेलं असतं. आकाशातले पॉइंट पुसून टाकणं हे माझ्या मते पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

दोघांना वेगळं कसं ओळखायचं? 'जवळचं तुटलं तर पॅरलॅक्स' हा नियम तोंडपाठ असतो, पण तो अर्धाच खरा आहे. सॉफ्टवेअरला पॉइंट तटाच्या दगडांवरच जास्त सापडले, तर ते तट नीट जुळवतं आणि तुटतं ते लांबचं शहर. तरीही दोष पॅरलॅक्सचाच. म्हणून जवळचं आणि लांबचं वेगवेगळ्या मापाने सरकलंय का, एवढंच बघायचं. सगळं सारख्याच मापाने सरकलं असेल तर पॉइंटचा घोळ समजा.

खात्री करायची तर तुटलेल्या सांध्याच्या दोन फ्रेम वेगळ्या काढा. आधीचे पॉइंट पुसा. हाताने पाच-सहा पॉइंट अगदी लांबच्या, न हलणाऱ्या गोष्टींवर ठेवा, जसं पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, देवळाचं शिखर, आणि फक्त त्यांवर जुळवणी चालवा. मग जवळच्या वस्तूंवर पॉइंट ठेवून जुळवणी पुन्हा न करता प्रत्येकाची चूक नुसती वाचा. चुका सगळ्या एकाच दिशेला आणि वस्तू जितकी जवळ तितक्या मोठ्या असतील, तर पॅरलॅक्स पकडला गेला. जवळचेही सगळे बरोबर बसले, तर मूळ पॉइंटच खोटे होते. हुगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फास्ट प्रिव्ह्यूमध्ये फरक दाखवणारा मोड आहे. त्यात जुळलेला भाग काळा पडतो आणि न जुळलेल्याची कड उजळते. तयार झालेल्या चित्रावरून निदान करू नका, कारण ब्लेंडिंग, म्हणजे फ्रेम एकमेकींत मिसळण्याची शेवटची पायरी, सांधा हवा तिथून वळवून अर्धे दोष झाकून टाकतं.

पॉइंट चुकले असतील तर घरबसल्या दुरुस्ती होते. पॉइंटची यादी चूक किती मोठी त्यानुसार लावायची, सगळ्यांत मोठ्या चुकीचे पॉइंट उघडून बघायचे, खोटे काढायचे. सॉफ्टवेअरला हिशेबात आधी फक्त फ्रेमची दिशा बदलू द्यायची, मग फोकल लेंग्थ, लेन्सची वक्रता सगळ्यांत शेवटी. एकदम सगळं मोकळं सोडलं की हिशेब भरकटतो. फोकल लेंग्थ एक टक्का चुकली तरी पूर्ण ३६० अंशांच्या फेरीत शेवटची फ्रेम पहिलीपासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर पडते. लोक तेव्हाही पॅरलॅक्सलाच शिव्या देतात. दर फ्रेमला ऑटोफोकस चालू ठेवला तर फोकल लेंग्थ जराजरा बदलत राहते, आणि ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) चालू असेल तर फ्रेम आपल्या मनाने सरकते. दोन्ही बंद, आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टी. निव्वळ आकाशाच्या फ्रेमना पॉइंट मिळणारच नाहीत. त्यांची जागा रांग आणि स्तंभ मोजून हाताने भरायची.

पॅरलॅक्सवर मात्र आणखी पॉइंट टाकणं हा सगळ्यांत वाईट उपाय. तट आणि शहर दोन्हीकडे पॉइंट वाढवले की सॉफ्टवेअर बिचारं मधला मार्ग काढतं, आणि आधी शाबूत असलेलं शहरही किंचित तुटतं. उलट जवळचे पॉइंट काढा, लांबच्यावर जुळवा, आणि मास्क रंगवून, म्हणजे बाकीच्या फ्रेममधला तेवढा भाग झाकून, तटाचा तो तुकडा एकाच फ्रेममधून घ्या. सांधा गवतातून, झुडपातून, सावलीतून न्या. खांबातून किंवा पाटीतून नको. हे जमण्यासाठी मुळात ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममधला सामाईक भाग, भरपूर हवा. तो नसेल तर गडावर पुन्हा जावं लागतं.

जाण्यापूर्वी घरीच डोळ्याची जागा शोधून ठेवा. खिडकीचा गज आणि रस्त्यापलीकडचा विजेचा खांब एका रेषेत आणा आणि कॅमेरा उजवीकडे फिरवा. गज खांबाच्या डावीकडे सरकला तर डोळा अक्षाच्या पुढे आहे, कॅमेरा ट्रायपॉडवरच्या सरकत्या पट्टीवर मागे घ्या. उजवीकडे सरकला तर पुढे. हललाच नाही, की तिथे खूण करा. झूम बदललं की ही जागाही बदलते, तेव्हा प्रत्येक लेन्सची वेगळी खूण लागते. ट्रायपॉड नसेल तर लेन्सखाली गवंड्याचा ओळंबा लोंबता सोडा आणि तो जमिनीवरच्या एकाच खड्यावर ठेवून त्याच्याभोवती आपण फिरा. लांबच्या दृश्याला एवढं पुरतं.

एक तिसरी गोष्ट या दोघांच्या नावावर खपते, ती म्हणजे हललेली माणसं. कपिलेश्वर तलावावर विसर्जनाच्या गर्दीत धड नसलेले पाय दिसले तर ना पॅरलॅक्स, ना पॉइंट. तो माणूस चालून गेला इतकंच. मास्कने त्याला एकाच फ्रेममध्ये ठेवा.

आणि सगळं जुळूनही फाइल अर्धवट निघत असेल तर सांध्यांत काही शोधू नका. जेपेगला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलच्या पुढे जाता येत नाही. साध्या टिफला ४ जीबीची मर्यादा आहे, आणि एक अब्ज पिक्सेलचं १६ बिटी चित्र ६ जीबीचं होतं. मोठ्या फाइलींसाठीचे बिगटिफ किंवा पीएसबी हे प्रकार निवडा.