तिसऱ्या दिवशीची बोटं

रावेरकडच्या आमच्या मामांना लकवा मारला, तेव्हा दवाखान्याबाहेर बसलेली आजी एकच विचारत होती, "हात परत चालता व्हई का?" जन्मभर केळीचे घड पेललेला उजवा हात पलंगावर नुसता पडून होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामांना दोनच गोष्टी करायला सांगितल्या. हात खांद्यातून बाजूला उचला. मूठ उघडून बोटं सरळ करा. खांदा जरासा हलला. बोटं बराच वेळ तशीच होती, मग तर्जनीचं टोक चादरीवरून किंचित सुटलं. आम्हाला ते काहीच वाटलं नाही. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला.

त्याला कारण आहे. मेंदूतून निघालेला हुकूम मज्जारज्जूपर्यंत नेणारी एक मुख्य वाट असते. खांद्याला तिच्याशिवाय इतर वाटांचीही मदत मिळते, पण बोटं सरळ करणं जवळजवळ तिच्यावरच अवलंबून. बोट हललं म्हणजे त्या वाटेचे काही धागे शाबूत आहेत. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत या दोन्ही हालचाली थोड्या तरी जमलेल्या रुग्णांच्या हातात सहा महिन्यांनी काही कसब परत येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही न जमलेल्यांत ती २५ टक्के. पंचवीस म्हणजे शून्य नव्हे, हे नातेवाइकांना कुणीतरी नीट सांगायला हवं. अशा वेळी डोक्यावरून चुंबकीय झटका देऊन हाताचा स्नायू प्रतिसाद देतो का, हेही तपासता येतं. न्यूझीलंडमध्ये हे सगळं जोडून बसवलेली पद्धत चारांपैकी साधारण तिघांचा अंदाज बरोबर सांगते. चौथ्याचा चुकतो.

चालण्याचा हिशेब वेगळा. त्यात आधाराशिवाय बसता येतं का आणि लुळ्या पायात किती जोर आहे, हे पाहतात.

सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पडतो, म्हणून जीव तुटतो. नेमके तेच आठवडे आपल्याकडे अमक्या गावचं लकव्याचं औषध आणण्यात जातात. त्याआधीचे तासही तितकेच मोलाचे: मेंदूची मोठी रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मामा आता उजव्या हाताने कळण्याची भाकरी मोडतात. सदऱ्याची बटणं मामी लावते. घड अजून उचलत नाहीत.