दीर्घिकांच्या तोंडावरचा वारा

चैत्र-वैशाखात रात्री नऊ-साडेनऊला गच्चीवर जाऊन उत्तरा फाल्गुनीचा ठळक तारा शोधा. हात लांब करून मूठ धरा आणि त्या ताऱ्यापासून पूर्वेला एक मूठभर सरका. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. पण त्याच तुकड्यात, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट मेळे, दाटीवाटीने नांदतात. हा कन्या दीर्घिकासमूह, आपल्याला सगळ्यांत जवळचा मोठा समूह. आणि तिथल्या कितीतरी दीर्घिकांत नवे तारे जन्माला येणं जवळपास थांबलं आहे.

तारा घडायला थंड वायू लागतो. हायड्रोजनचे गार ढग स्वतःच्याच भाराने आकसत जातात, तेव्हा कुठे तारा पेटतो. आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांइतका वायू असा कामी येतो. समूहात मात्र दीर्घिकांमधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूने भरलेली असते, आणि त्यातून दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने धावतात. वारा पडलेला असला तरी स्कूटरवर बसलं की तोंडावर वारा लागतोच, तसंच हे. ताऱ्यांना तो ढिम्म हलवू शकत नाही. दीर्घिकेच्या तबकडीतला वायू मात्र तो काठापासून सोलत नेतो. या दाबाला रॅम प्रेशर म्हणतात. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्याचं गणित मांडलं.

कन्या समूहातली एम ९० पाहा. सर्पिल दीर्घिका, फाकलेले सुरेख हात, पण ते हात फिकट आणि गुळगुळीत. निळे, तेजस्वी तारे अल्पायुषी असतात. नव्यांची भर थांबली की दीर्घिकेचा निळा रंग ओसरतो. एम ९०मध्ये ताराजन्म आता आतल्या भागापुरताच उरलाय. तिच्यातून निसटलेल्या वायूची लांबलचक शेपटीही दुर्बिणींनी टिपली आहे.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते पुढचं. फुंकरीने दिवा विझतो, पण निखारा फुलतो. दीर्घिका समूहात वेगाने शिरते तेव्हा हाच वारा काही ठिकाणी तिचा वायू दाबून घट्ट करतो आणि ताराजन्म उलट वाढतो. थोडी दूरची, अबेल ८५ समूहातली जेओ २०१ ही अशीच एक. वायूच्या शेपट्यांमुळे अशा दीर्घिकांना ‘जेलीफिश’ म्हणतात. २०१५ मध्ये सोडलेल्या आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने जेओ २०१कडे पाहिलं. ही दुर्बीण घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेचाही वाटा आहे. कोवळे, तप्त तारे अतिनील प्रकाशात उठून दिसतात, आणि इथे ते दिसले चक्क शेपटीत: दीर्घिकेच्या तबकडीबाहेर, सोलून निघालेल्या वायूत, नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचे झुबके.