वासाची वाट अडणे आणि वासाची जाणीव दुखावणे

उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या एखाद्या मसाला कांडप केंद्रावरून जाताना ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आले, म्हणजे आपले नाक शाबूत आहे, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. मिरचीचा ठसका, अमोनियाचा झोंबरेपणा, निलगिरीचा गारवा या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातात. वास पूर्णपणे गेलेल्या माणसालाही त्या जाणवतात. अशा माणसाला तांबडा रस्सा तिखट आणि खारट लागतो, परंतु भाजलेल्या खोबऱ्याचा, तिळाचा आणि मसाल्याचा जो स्वाद घशाच्या मागून नाकात चढतो, तो मात्र हरवलेला असतो. म्हणूनच बहुतेक रुग्ण ‘तोंडाला चव नाही’ अशी तक्रार घेऊन येतात आणि दोष जिभेचा नसून नाकाचा आहे, हे उशिरा ध्यानात येते.

ते ध्यानात आल्यावरही खरा प्रश्न उरतोच. वास पोहोचण्याची वाट अडली आहे, की वास ओळखणारी यंत्रणाच दुखावली आहे? रुग्णाला दोन्हींत फरक जाणवत नाही, कारण अनुभव एकच असतो. उपचार मात्र फार वेगळे आहेत.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी छतापाशी, एका अरुंद फटीत, जेमतेम काही चौरस सेंटिमीटर पटलावर असतात. माणसात वासाचे कण टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असून, त्यांची जनुके शोधण्याचे 1991 मध्ये प्रसिद्ध झालेले काम लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांचे. त्याबद्दल त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींचे बारीक तंतू चाळणीसारख्या हाडातून वर जाऊन मेंदूच्या घ्राणकंदाला, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागाला, मिळतात. सर्दी, ॲलर्जी, सायनसची जुनी सूज किंवा आपल्याकडे ज्याला ‘नाकात मांस वाढणे’ म्हणतात ते पॉलिप, यांमुळे कण त्या फटीपर्यंत पोहोचत नाहीत. ही झाली अडलेली वाट. विषाणूच्या तापानंतर पेशींना इजा होणे, डोक्याला मार लागून चाळणीपाशी तंतू तुटणे, वाढते वय, पार्किन्सन किंवा अल्झायमरसारखे आजार, ही दुसऱ्या प्रकारची कारणे होत. कोविडमध्ये विषाणू प्रामुख्याने घ्राणपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. अनेकांचा वास नाक अजिबात न चोंदताही गेला आणि काही आठवड्यांत परतलाही, याचा उलगडा त्यातून होतो.

फरक ओळखताना रुग्णाच्या सांगण्याला मोठे मोल आहे. गुऱ्हाळावरून जाताना एखाद्या दिवशी उकळत्या रसाचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, अशी चढउतार बहुधा सूज किंवा अडथळ्याकडे बोट दाखवते. दुचाकीवरून पडल्यापासून किंवा ठरावीक तापापासून वास एकाएकी गेला असेल, तर संशय इजेकडे जातो. कॉफी, कांदा, लसूण, तळलेले पदार्थ यांचा कुजकट वास येऊ लागणे हे विशेषतः विषाणूजन्य इजेनंतर दिसते. त्रासदायक असले, तरी पुष्कळदा ते पेशी पुन्हा वाढत असल्याचे चिन्ह असते. मात्र ‘श्वास मोकळा आहे, म्हणजे अडथळा नाही’ हा निष्कर्ष टिकत नाही, कारण खालची वाट मोकळी असूनही वरची फट सुजेने बंद असू शकते. त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घेणे अटळ आहे, आणि ती सोय कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातही असते. गरजेनुसार सायनससाठी सीटी स्कॅन, तर मेंदू व घ्राणकंदासाठी एमआरआय केला जातो. नाकाचे हाड वाकडे आहे एवढ्यावरून शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; दोन्ही नाकपुड्यांतून गेलेल्या वासाचे ते एकटे कारण क्वचितच असते.

अडथळा असेल तर सूज उतरवणे हाच उपचार: मिठाच्या पाण्याने नाक धुणे, स्टिरॉइडचा फवारा, ॲलर्जीवर नियंत्रण, आणि त्याने भागले नाही तर पॉलिपची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब आठवडेच्या आठवडे वापरल्यास चोंदणे उलट वाढते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काही दिवसांत वास परतला तर कारण सुजेचे असल्याचा तो सबळ पुरावा असतो, परंतु मधुमेह असलेल्यांनी त्या डॉक्टरांच्या देखरेखीविना घेऊ नयेत. 2021 मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे रुग्ण पाहिले, त्यांत अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड ही जोडी वारंवार दिसली होती.

इजा असेल तर फवाऱ्यांचा उपयोग मर्यादित आणि धीराचा जास्त. घ्राणपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, आणि त्याच गुणाचा आधार घेऊन जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये वासाच्या सरावाची पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, यांतील प्रत्येक वास काही सेकंद, सकाळ-संध्याकाळ, किमान 12 आठवडे, आणि हुंगताना तो वास मनात आठवत राहायचा. विषाणूनंतरच्या इजेत हा सराव सर्वाधिक उपयोगी ठरतो. डोक्याच्या मारानंतर आशा कमी असते, आणि हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे.

कारण कोणतेही असो, एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल, किंवा मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखा द्रव गळत असेल, तर सराव किंवा फवारा बाजूला ठेवून तातडीने तपासणी करावी. मूळचा वासरहित गॅस गळल्याचे कळावे म्हणून सिलिंडरमध्ये उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते, आणि वास गेलेल्या माणसाला तेच कळत नाही; तेव्हा अशा घरात गॅसगळती ओळखणारा अलार्म बसवावा आणि उरलेले अन्न हुंगून नव्हे, तर तारीख लिहून ठेवून वापरावे.